६० हजारांत कामाला लागलेला छोटा हत्ती: हातखंब्याजवळच्या एका गॅरेजविषयी

रत्नागिरीहून हातखंबा तिठ्याकडे जाताना, मुख्य रस्त्यापासून थोडे आत, पत्र्याच्या एका शेडमध्ये हे गॅरेज चालते. त्यावर पाटी नाही. आजूबाजूचे लोक नुसते ‘मिस्त्रींचे गॅरेज’ म्हणतात. स्वस्तात घेतलेली जुनी मालवाहू गाडी मोजक्या पैशांत कामाला लावायची असेल तर इथे जावे की नाही, हे सांगण्यासाठी मी लिहीत आहे. गाडी ताब्यात आल्यानंतर एक आंबा हंगाम आणि एक अख्खा पावसाळा गेला आहे, तेव्हा कामाचा टिकाऊपणा मी स्वतः पाहिलेला आहे.

पावसजवळ आमची आंबा-काजूची लहान बाग आहे. ऐन हंगामात भाड्याचा टेम्पो वेळेवर मिळत नाही आणि पिकायला आलेला माल थांबत नाही, म्हणून मी २०११ सालचा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस ही लहान मालवाहू गाडी, १,२०,००० रुपयांना घेतला आणि दुरुस्तीसाठी ६०,००० रुपये वेगळे ठेवले. २००५ साली बाजारात आलेल्या या गाडीचे ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन अगदी साधे आहे आणि तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, हा माझा हिशेब होता. हिशेबात एकच गोष्ट सुटली. आधीच्या मालकाने ती मिरकरवाडा बंदरातून मासळी वाहण्यासाठी वापरली होती. मासळीच्या बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या सांध्यांतून वर्षानुवर्षे चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, ठिबकत राहिले, की वरून नीटनेटक्या दिसणाऱ्या गाडीचे बूड आतून पोखरलेले असते.

या गॅरेजचा पहिला गुण असा की, गाडी तपासल्याशिवाय मिस्त्री खर्चाचा आकडा सांगत नाहीत. त्यांनी गाडी खालून तपासण्याच्या खड्ड्यावर घेतली आणि हातोडीने चॅसीचा इंच न् इंच ठोकून पाहिला. जिथे आवाज खणखणीत येत नव्हता, तिथे खडूने खुणा केल्या. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढले आणि तिथून धूर उसळून येतो का, ते मला जवळ बोलावून दाखवले. तो भरपूर येत असता तर इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजावे लागले असते. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत नाहीत, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची सील, हेड गॅस्केट, शाबूत आहे, हेही तपासले. “ताई, इंजिनाला आता हात लावू नका. रंगाचं तर नावच काढू नका. आधी बूड, मग ब्रेक, उरले पैसे तर बाकीचं,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मी इंजिनाचे अर्धे काम आणि केबिनचा रंग हे दोन्ही ठरवूनच गेले होते. माझ्या तोंडून ते ऐकल्यावर दुसऱ्या कोणी मुकाट्याने काम घेतले असते आणि माझे सगळे पैसे तिथेच संपले असते.

चॅसीचे काम हे या गॅरेजचे खरे बळ आहे. गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवून वरून काळा रंग मारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि तसे काम दोन पावसाळेही टिकत नाही, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेत राहते आणि ठिगळाखाली गंज वाढतच जातो. इथे मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे टांगलेल्या असतात त्या हँगरजवळचा भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला, मापाने पट्टी कापून बसवली आणि सलग वेल्डिंग केले. त्याआधी संपूर्ण बूड दोनदा गोड्या पाण्याने धुऊन उन्हात दोन दिवस वाळवले होते. किनाऱ्यावरच्या गाडीसाठी ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि वेळ वाचवण्यासाठी नेमकी तीच गाळली जाते. तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर डांबरी लेप, आणि जिथे पत्रा दुमडून पोकळी झाली आहे तिथे आतून ग्रीससारखे जाड तेल, असे काम झाले. कापून काढलेले गंजके तुकडे त्यांनी मला पाहण्यासाठी ठेवले होते. त्यांतला एक बोटांनी दाबताच तुटला. चॅसी आणि लेप मिळून १३,१०० रुपये झाले.

बाकीची कामे थोडक्यात सांगते. मागच्या ब्रेकचे लायनर, व्हील सिलिंडर आणि होज ५,२०० रुपयांत झाले. क्लचचा संच मजुरीसह ६,८०० रुपयांत. पाट्यांचे बुश, शॅकल पिना आणि किंगपिन ६,४०० रुपयांत. रेडिएटर साफ करून त्याचे पाइप बदलायला ३,९०० आणि हौद्याच्या नव्या तळाला ७,००० रुपये लागले. पुढचे दोन टायर नवे घेतले, ७,४०० रुपयांना. टायरवरच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल सांगतात, हे मिस्त्रींनी दाखवले, म्हणून दुकानात पडून राहिलेला जुना माल मी नाकारू शकले. बॅटरी आणि वायरिंगचे ५,५०० धरून एकूण खर्च ५५,३०० रुपये झाला.

तक्रारीही तितक्याच स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. इथले विजेचे काम कच्चे आहे. वेल्डिंग करताना मुलांनी बॅटरीची वायर सोडवली नव्हती, आणि गाडी घरी आणल्यावर चौथ्या दिवशी चार्जिंग बंद पडले. मिस्त्रींनी चूक मान्य करून अल्टरनेटर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून दिला, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने मोजते. तरीही मागचे दिवे मला शहरातल्या इलेक्ट्रिशियनकडून १,४०० रुपये देऊन पुन्हा करून घ्यावे लागले. दुसरी तक्रार वेळेची. १२ दिवसांचा वायदा २६ दिवसांवर गेला, कारण मध्ये शिमगा आला आणि गॅरेजमधली मुले पालखीसाठी गावी गेली. त्यांनी जाऊ नये असे कोकणात कोणीच म्हणणार नाही, पण तारीख देताना ते दिवस धरायला हवे होते. पहिल्या पेट्यांच्या दोन खेपा मला भाड्याच्या गाडीने पाठवाव्या लागल्या. छापील बिलही मिळत नाही, वहीच्या पानावर हिशेब मिळतो. तो मात्र बाबवार आणि बिनचूक असतो.

आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे पासिंग, म्हणजे योग्यता तपासणी, दर वर्षी करावे लागते, ते आमचे पहिल्याच खेपेला झाले. कागदांबाबत एक सूचना करते, तिचा गॅरेजशी संबंध नाही: गाडीचे कर्ज फिटलेले असले तरी आरसीवर वित्तसंस्थेचा बोजा तसाच राहिलेला असू शकतो. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करण्यापूर्वी विक्रेत्याकडून बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि वित्तसंस्थेचे ना हरकत पत्र घ्यावे. मी ते नंतर मागितले आणि महिनाभर हेलपाटे घातले.

हंगामात गाडीने पेट्या घेऊन आंबा घाटातून कोल्हापूरच्या अनेक खेपा केल्या. चढाला ती संथ चालते, पण इंजिन एकदाही तापले नाही आणि उतारावर ब्रेकने दगा दिला नाही. पावसाळा संपल्यावर मी तिला पुन्हा त्याच खड्ड्यावर नेऊन खालून पाहिले: उजव्या बाजूच्या एका जोडाशी लेप सुटून तांबूस डाग आला होता, तो मिस्त्रींनी तिथेच घासून पैसे न घेता झाकला, बाकी सगळे जसेच्या तसे होते. केबिनच्या दारांवर अजून जुनाच विटलेला रंग आहे. तो येत्या हंगामाच्या पैशांतून करून घेईन, याच शेडमध्ये, आणि गाडी शिमग्याच्या दोन महिने आधी नेऊन लावीन.