स्कूबासाठी वेगळा विमा घ्यावा का? घरचा मेडिक्लेम आणि डायव्हरचा अपघात विमा यांची तुलना

कोल्हापुरातून पहाटे निघाले की उन्हे चढायच्या आत मालवण गाठता येते, आणि त्यामुळे आपल्याकडे स्कूबा ही दूरदेशीची चैन राहिलेली नाही. तारकर्लीला एकदा पाण्याखाली जाऊन आलेल्यांपैकी काही जण पुढे रीतसर कोर्स करतात, मग अंदमान, मग मालदीव किंवा थायलंड, आणि याच टप्प्यावर कधीतरी प्रश्न येतो की घरच्या कुटुंबाचा मेडिक्लेम असताना डायव्हिंगसाठी वेगळा विमा कशाला घ्यायचा. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर स्कूबा किती धोक्याचा आहे यावर अवलंबून नाही. कोणती इजा होऊ शकते आणि तिच्यावरचा उपचार कुठे होतो, यावर ते ठरते.

सर्वांत जास्त वेळा होणारी इजा कानाची असते. खाली उतरताना मधल्या कानातला दाब वेळेवर जुळला नाही की पडदा ताणला जातो आणि क्वचित फाटतो. मला स्वतःला दुसऱ्याच वर्षी हा अनुभव आला. सर्दी असतानाही उतरण्याचा हट्ट केला, सहा-सात मीटरवर कानात काडी खुपसल्यासारखी कळ आली, आणि वर आल्यावर रुमालावर रक्ताचा बारीक डाग दिसला. राजारामपुरीत कानाच्या डॉक्टरांकडे तीन फेऱ्या झाल्या. औषधे, श्रवणचाचणी आणि फी यांतले काहीही पॉलिसीतून मिळाले नाही, कारण मी रुग्णालयात दाखलच झालो नव्हतो आणि बाह्यरुग्ण विभागाचा खर्च माझ्या पॉलिसीत बसत नव्हता. यात विमा कंपनीचा काही दोष नव्हता. मात्र एवढ्या खर्चासाठी डायव्हरचा स्वतंत्र विमा घेण्याचीही गरज नव्हती, कारण तो खिशातून सोसवणारा होता.

खरा प्रश्न डिकम्प्रेशन सिकनेसचा, म्हणजे डायव्हर ज्याला बेंड्स म्हणतात त्याचा आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, त्या दाबाची हवा श्वासातून घेतल्याने नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो, आणि डायव्हर फार वेगाने वर आला किंवा सलग अनेक दिवस खोल डाइव्ह झाल्या तर तो नायट्रोजन सोड्याच्या बाटलीचे बूच उघडल्यासारखा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. सांधे दुखण्यापासून हातपाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकते. यावरचा मुख्य उपचार म्हणजे रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून ऑक्सिजन देणे. त्यासाठी हायपरबेरिक चेंबर, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणारी बंद खोली, लागते. अमेरिकी नौदलाच्या ज्या तक्त्यानुसार हा उपचार जगभर केला जातो, त्यातला नेहमीचा सहाव्या क्रमांकाचा तक्ता १८ मीटर खोलीइतक्या दाबापासून सुरू होतो आणि सुमारे पावणेपाच तास चालतो. गरज पडल्यास तो पुन्हा करावा लागतो. मुंबईत नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात ही सोय आहे, पण मालवणहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि हॅवलॉकवर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, काही झाले तर मोठे रुग्णालय गाठण्यासाठी आधी समुद्र ओलांडावा लागतो.

आता घरची पॉलिसी काढून टेबलावर ठेवावी आणि तिच्यातले अपवादांचे पान वाचावे. विमा नियामकाने २०१९ मध्ये अपवादांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात नवव्या क्रमांकाच्या अपवादात धोकादायक किंवा साहसी खेळांची यादी आहे आणि स्कूबा डायव्हिंगचे नाव तिच्यात स्पष्ट आहे. ते नाव दिसताच अनेक जण पान मिटतात आणि ‘आपल्याला काही मिळणार नाही’ असे धरून चालतात. मात्र त्याच वाक्यात ‘व्यावसायिक म्हणून सहभाग’ ही अट आहे. सुट्टीत डाइव्ह करणाऱ्या प्राध्यापकाला किंवा व्यापाऱ्याला हा अपवाद लागू होत नाही. मालवणात डाइव्हमास्टर, म्हणजे पाण्याखालचा वाटाड्या, म्हणून पगार घेणाऱ्या तरुणाला मात्र लागू होतो, आणि त्याने घरच्या पॉलिसीवर विसंबणे धोक्याचे आहे.

हौशी डायव्हरला अडवणारी ओळ वगळलेल्या उपचारांच्या यादीत असू शकते. काही आरोग्य पॉलिसींमध्ये या यादीत ‘हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी’, म्हणजे चेंबरमधला हाच उपचार, हे शब्द असतात. ही ओळ डायव्हरांचा विचार करून घातलेली नसावी, पण परिणाम असा होतो की ज्या आजारासाठी तुम्ही विमा चाचपडत आहात, त्याचा एकमेव खरा उपचारच यादीबाहेर राहतो. ही ओळ तुमच्या पॉलिसीत नसेल, तर घरचा मेडिक्लेम भारतातल्या डायव्हिंगसाठी बऱ्यापैकी उपयोगी आहे. असेल, तर रुग्णालयातला पलंग मिळेल आणि चेंबरचे बिल तुमच्या हातात येईल. पॉलिसी नवीकोरी असल्यास आणखी एक गोष्ट पाहावी. पहिल्या ३० दिवसांच्या प्रतीक्षा काळात अपघात वगळता इतर आजार धरले जात नाहीत, आणि डिकम्प्रेशन सिकनेस हा अपघात की आजार, यावर तिथे वाद होऊ शकतो.

हा वाद वैयक्तिक अपघात विम्यात अधिक तीव्र होतो. नियामकाच्या व्याख्येनुसार अपघात म्हणजे बाह्य, दृश्य आणि हिंसक कारणाने घडलेली अचानक, अनपेक्षित व अनैच्छिक घटना. बोटीवरून घसरून पाय मोडला तर व्याख्या चपखल बसते, पण रक्तातले बुडबुडे कुणाला दिसत नाहीत. शिवाय हा विमा मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावर ठरलेली रक्कम देतो आणि उपचाराचे बिल सहसा भरत नाही. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे संरक्षण देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना प्रत्येकाने जरूर घ्यावी, पण ती डायव्हिंगचा विमा समजून घेऊ नये.

परदेशी जाताना मेडिक्लेमचा प्रश्नच उरत नाही, कारण बहुतेक घरगुती पॉलिसी भारताबाहेर चालत नाहीत. तिथे प्रवास विमा घेतलाच पाहिजे, पण त्यात स्कूबा अंतर्भूत आहे का, की साहसी खेळांचे वेगळे जोडकलम घ्यावे लागते, आणि खोलीची मर्यादा किती, हे आधी पाहावे. ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रधारकाला १८ मीटरपर्यंत आणि त्यापुढच्या ॲडव्हान्स्डधारकाला ३० मीटरपर्यंत जाता येते. पॉलिसीची मर्यादा तुमच्या प्रमाणपत्राहून कमी असेल, तर ज्या डाइव्हसाठी एवढ्या लांब गेलात तीच विम्याबाहेर राहील.

डायव्हरचा स्वतंत्र अपघात विमा इथे वेगळा ठरतो. या क्षेत्रातले सर्वांत परिचित नाव म्हणजे १९८० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सुरू झालेले डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, ज्याला सगळे ‘डॅन’ म्हणतात. या प्रकारच्या विम्यात चेंबरचा उपचार नावानिशी समाविष्ट असतो, तिथपर्यंत पोहोचवण्याचा खर्च धरलेला असतो, आणि दिवसरात्र चालणाऱ्या दूरध्वनीवर डायव्हिंगची जाण असलेला वैद्यकीय कर्मचारी बोलतो. पोहोचवण्याचा खर्च ही किरकोळ बाब नाही. उंचीवर हवेचा दाब कमी होत असल्याने डिकम्प्रेशनच्या रुग्णाला साध्या विमानात बसवणे घातक ठरू शकते. केबिनमध्ये समुद्रसपाटीचा दाब राखणारे विमान किंवा फार खालून उडणारे हेलिकॉप्टर लागते. मेडिक्लेममध्ये रुग्णवाहिकेसाठी असलेल्या काही हजारांच्या तरतुदीशी याची तुलनाच होऊ शकत नाही. मात्र डॅनचे सदस्यत्व आणि डॅनचा विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि राहण्याच्या देशानुसार शाखा व अटी बदलतात. सदस्यत्वाचे कार्ड आले म्हणजे विमा झाला असे समजू नये. साधा ताप किंवा अतिसार यांसाठी हा विमा कामाचा नाही, म्हणजे मेडिक्लेम चालू ठेवावाच लागतो.

कोल्हापूरकरांसाठी एक गोष्ट नकाशावरच दिसते. डाइव्हनंतर विमानप्रवास टाळण्याचा डॅनचा सल्ला एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास असा आहे, आणि त्यांचा हिशेब सुमारे ६०० मीटर उंचीपासून सुरू होतो. आपले शहर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, घाटमाथा त्याहूनही वर. तारकर्लीच्या उथळ ट्राय डाइव्हला, म्हणजे कोर्स न करता घेतलेल्या पहिल्या अनुभवाला, याने फारसा फरक पडत नाही, पण दोन दिवस खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढणाऱ्याने रात्रीचा मुक्काम खालीच करावा. हा विमा फुकट मिळतो.

वर्षातून एकदा कुटुंबाला घेऊन मालवणला जाणाऱ्याने माझ्या मते डायव्हरचा विमा घेऊ नये. मेडिक्लेममधली ती एक ओळ तपासावी आणि नोंदणी असलेल्या केंद्रातच उतरावे. अंदमानात कोर्स करणाऱ्यासाठी निर्णय सर्वस्वी त्या ओळीवर आहे. जो दरवर्षी परदेशात किंवा आठवडाभर बोटीवर राहून दिवसाला तीन-चार डाइव्ह करतो, त्याने स्वतंत्र विम्याशिवाय जाऊच नये, आणि व्यवसाय म्हणून डायव्हिंग करणाऱ्यानेही नाही.

एजंटाच्या ‘सगळं कव्हर होतं साहेब’ या तोंडी आश्वासनावर थांबू नका. हौशी स्कूबा समाविष्ट आहे का, हायपरबेरिक उपचार समाविष्ट आहे का आणि किती मीटरपर्यंत, हे तीन प्रश्न कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर छापून पॉलिसीला टाचून ठेवा. नवी आरोग्य पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, म्हणून हा ईमेल त्याच आठवड्यात पाठवावा.