सॅटिव्हा आणि इंडिका: पाटी एक, झाड दुसरं

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये युरोपात वाखासाठी लावल्या जाणाऱ्या भांगेच्या झाडाला 'कॅनाबिस सॅटिव्हा' म्हटलं. सॅटिव्हा म्हणजे लागवडीचं. १७८५ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने भारतातून आलेलं, जास्त नशा देणारं झाड वेगळं मानून त्याला 'इंडिका' नाव दिलं. म्हणजे मूळ इंडिका आपल्याकडची.

आज अॅमस्टरडॅमच्या गांजाच्या दुकानात मात्र वेगळंच ऐकू येतं. उंच, सडसडीत, बोटभर अरुंद पानांचं ते सॅटिव्हा. बुटकं, गच्च, पंजासारख्या रुंद पानांचं ते इंडिका. हा रुंद पानांचा प्रकार अफगाणिस्तानकडचा. लामार्कने वर्णन केलेली पानं तर अरुंदच होती! त्याच्या झाडाला आजचा दुकानदार सॅटिव्हा म्हणेल. हा घोळ मला फार खटकतो, कारण लोक पाटी वाचून 'ही तरतरी देते, ती झोप आणते' असं धरून चालतात. परिणाम मुख्यतः टीएचसी (नशा आणणारं रसायन), सीबीडी (नशा न आणणारं) अशा घटकांवर अवलंबून असतो, पानाच्या रुंदीवर नाही.

स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये या सगळ्या झाडांची जात एकच मानली आणि ०.३ टक्के टीएचसीची रेघ ओढली: त्याखाली वाखाचं झाड, त्यावर नशेचं. आपला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा जात बघतच नाही, झाडाचा भाग बघतो: फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत.