ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी : अर्थ सापडल्यावरही वाचत राहावा असा कोश

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजीसाठी कोणता शब्दकोश घ्यावा, असे कोणी विचारले की मी ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीचे नाव सांगतो. मात्र हा कोश विकत घेणारे पुष्कळ आणि तो नीट वापरणारे थोडे असल्यामुळे, त्याचे गुणदोष सांगताना तो कसा वाचावा हेही सांगणे मला आवश्यक वाटते.

हा कोश मुळात इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठी केलेलाच नाही. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानमध्ये शिकवायला गेले. परभाषक विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्य रचताना कुठे अडते हे त्यांनी वर्गात पाहिले आणि गेटनबी व वेकफिल्ड या सहकाऱ्यांसह हा कोश सिद्ध केला. तो १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला आणि त्याची दहावी आवृत्ती २०२० मध्ये आली. म्हणून दुकानात नुसती ‘ऑक्सफर्डची डिक्शनरी’ मागू नये. त्याच प्रकाशनाचा कन्साइज कोश चांगला आहे, परंतु त्याचा वाचक वेगळा आहे. शब्द वाक्यात कसा बसवावा हे त्या वाचकाला ठाऊक असते, आपल्याला ते शिकायचे असते. मुखपृष्ठावर ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ हे शब्द आहेत याची खात्री करूनच पैसे द्यावेत.

या कोशाचे खरे बळ अर्थाच्या आजूबाजूला दिलेल्या माहितीत आहे. इंग्रजी-मराठी कोशात ‘सजेस्ट’ म्हणजे सुचवणे एवढे कळते आणि विद्यार्थी ‘तिने मला पुस्तक सुचवले’ या मराठी वाक्याच्या वळणावर ‘शी सजेस्टेड मी अ बुक’ असे लिहून मोकळा होतो. या कोशात त्याच क्रियापदापुढे त्याचे साचे ठळक अक्षरांत दिलेले असतात: नंतर नाम येते, ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य येते किंवा ‘आयएनजी’ लागलेले रूप येते, आणि व्यक्ती सांगायची असेल तर ‘टु’ लागतो. जिथे परभाषक हमखास चुकतात तिथे तर स्वतंत्र सूचनाच असते. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ घालता येत नाही, हे तिथे स्पष्ट बजावलेले आहे. ‘अमुक विषयावर चर्चा केली’ असे म्हणणाऱ्या आपल्या मनात तो ‘अबाउट’ आपोआप उमटतो, त्यामुळे ही एक ओळ आपल्याला फार उपयोगी पडते.

हेच नामांचे. नामाच्या बाजूला ‘सी’ किंवा ‘यू’ असे अक्षर असते. पहिल्याचा अर्थ ती वस्तू मोजता येते, दुसऱ्याचा अर्थ येत नाही. ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘इन्फॉर्मेशन’, ‘इक्विपमेंट’ या सर्वांपुढे ‘यू’ आहे, म्हणून त्यांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही आणि एकवचनी ‘ॲन’ही लागत नाही. नोकरीच्या अर्जांत या चुका वारंवार दिसतात, आणि अर्थ पाहून झाल्यावर डोळे आणखी अर्धी ओळ पुढे नेले असते तर त्यांतल्या बहुतेक टळल्या असत्या.

‘गेट’, ‘टेक’, ‘रन’ यांसारख्या शब्दांच्या नोंदी लांबलचक आहेत आणि पहिलाच अर्थ उचलण्याचा मोह तिथेच होतो. अर्थांच्या गटांवर छोटी मथळेवजा शीर्षके आहेत. आपले मूळ वाक्य समोर ठेवून आधी ती वाचावीत, मग योग्य गटात शिरावे. क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ जोडून होणारे प्रयोग आणि वाक्प्रचार नोंदीच्या शेवटी वेगळे काढलेले आहेत. ते तिथे असतात हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण ‘कोशात नाही’ म्हणून पान मिटतात.

उदाहरण-वाक्ये तर मी व्याख्येइतकीच महत्त्वाची मानतो. आपण परीक्षा ‘देतो’, इंग्रजीत ती ‘टेक’ किंवा ‘सिट’ करतात, आणि हे व्याख्या वाचून कधीच कळत नाही. वहीत नवा शब्द उतरवताना त्याचा मराठी अर्थ लिहिण्याआधी कोशातले एक वाक्य उतरवून काढावे, असा माझा आग्रह आहे.

उच्चारांच्या बाबतीत थोडे कष्ट पडतात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकावी लागते, पण ती एकदा अंगवळणी पडली की ‘कम्फर्टेबल’ आणि ‘व्हेजिटेबल’ यांच्या शेवटी ‘टेबल’ ऐकू येत नाही हे कळते. आपल्या एकट्या ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन वेगळे ध्वनी मिसळून जातात हेही डोळ्यांना दिसते. अक्षरगटाआधी वर दिलेली उभी रेघ आघात, म्हणजे उच्चारातला जोर, दाखवते. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरगटावर आहे, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर.

आता मर्यादा. व्याख्या साधारण ३००० निवडक शब्दांच्या आत बसवलेल्या आहेत, ही या कोशाची मोठी सोय आहे. परंतु त्यांतले निम्मे शब्दही ज्याला येत नाहीत त्याला एका व्याख्येसाठी आणखी तीन शब्द शोधावे लागतील आणि तो कंटाळून कोश बाजूला ठेवील. अशा विद्यार्थ्याने आधी चांगला इंग्रजी-इंग्रजी-मराठी कोश वापरावा. झाडे, पक्षी, धान्ये यांची नावे पाहायची असतील तेव्हाही मराठी अर्थ देणारा कोशच बरा, कारण एखाद्या झाडाची इंग्रजी व्याख्या वाचून ते आपल्या दारातले कोणते हे उमगत नाही. छापील प्रतीतला टंक बारीक आहे आणि ग्रंथ जड आहे, रोज दप्तरात नेण्याजोगा नाही.

या कोशाची संकेतस्थळावरची आवृत्ती विनामूल्य पाहता येते. तिथे ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही उच्चार ऐकता येतात, आणि महत्त्वाच्या शब्दांपुढे ‘ए वन’पासून वर चढत जाणारी पातळीही दिलेली असते. ‘सी वन’ या वरच्या पातळीचा शब्द दिसला तर नवशिक्याने तो पाठ करण्याची घाई करू नये. तरीही छापील प्रत घरात असावी असे मला वाटते, कारण पानावर त्या शब्दाची भावंडेही शेजारीच दिसतात. नवी प्रत परवडत नसेल तर पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात किंवा आपल्या गावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात २००५ ची सातवी किंवा २०१० ची आठवी आवृत्ती शोधावी. अलीकडचे शब्द तिच्यात मिळणार नाहीत, पण ‘सजेस्ट’ आणि ‘डिस्कस’ यांचे साचे तेच आहेत. मात्र घेताना मधली पाने सुटलेली नाहीत ना, हे तेवढे चाळून पाहावे.