तोंड नसलेला कुत्रा, भाव नसलेला पेंग्विन

निक पार्कचा 'द राँग ट्राउझर्स' हा 1993 सालचा लघुपट मी पुन्हा पाहिला, या वेळी मुद्दाम आवाज बंद करून. जेमतेम अर्ध्या तासाची गोष्ट, सगळी प्लॅस्टिसिनच्या, म्हणजे मऊ रंगीत मातीच्या, बाहुल्यांची, एकेक फ्रेम टिपत हलवलेल्या. आवाज नसतानाही तितकंच हसू आलं, आणि माझ्या मते या चित्रपटाची खरी ताकद तिथेच आहे.

वॉलेस हा चीजवेडा संशोधक आणि ग्रोमिट त्याचा कुत्रा. ग्रोमिटला तोंड दिलेलंच नाही. नाक, डोळे, लोंबते कान आणि डोळ्यांवर मातीची एक जाडसर कड, बस्स. सगळा अभिनय त्या कडेवर. वाढदिवसाला वॉलेस त्याला गळपट्टा देतो. जो कुत्रा घरात बसून वर्तमानपत्र वाचतो, विणकाम करतो, त्याला गळपट्टा! तो काही करत नाही, नुसता बघतो. भुवई हलते न हलते तोच त्याचा अपमान आपल्यापर्यंत पोचतो. हल्लीच्या कितीतरी ॲनिमेटेड पात्रांचे डोळे बशीएवढे असतात आणि भुवया सतत नाचत असतात. इतकं सगळं हलत राहिलं की नेमकं काय बघायचं तेच कळत नाही.

पेंग्विनच्या बाबतीत तर पार्क आणखी पुढे गेलाय. फेदर्स मॅकग्रॉ हा भाडेकरू म्हणून येतो आणि ग्रोमिटचीच खोली बळकावतो. डोळे म्हणजे दोन काळे मणी, चोच गप्प. राग नाही, लोभ नाही, काही म्हणता काही दिसत नाही. आपणच त्याच्या मनात कट-कारस्थानं भरत जातो. मग हा चोर डोक्यावर लाल रबरी हातमोजा चढवतो आणि त्याची कोंबडी होते. एवढंच वेषांतर! पण प्रकाशयोजना, सावल्या, ज्युलियन नॉटचं संगीत, सगळं एखाद्या अस्सल गुन्हेपटासारखं गंभीर. चित्रपट एकदाही आपल्याला डोळा मारत नाही, म्हणून तर तो हातमोजा इतका हसवतो. मोजा निघाल्यावरच वॉलेसला त्याची ओळख पटते.

शेवटचा खेळण्यातल्या आगगाडीवरचा पाठलाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. रूळ संपत आलेत, गाडी थांबणार नाही, आणि ग्रोमिट इंजिनावर बसून खोक्यातले सुटे रूळ भराभर पुढे टाकत सुटतो. चित्रीकरणात एकेका फ्रेमसाठी कॅमेरा गाडीबरोबर सरकवला होता, त्यामुळे मागची भिंत फराटल्यासारखी दिसते आणि मातीच्या बाहुल्यांना खरा वेग येतो. पण मला तंत्रापेक्षाही ग्रोमिटचं ते कामात बुडालेलं असणं आवडतं. त्याला आपण काही गमतीदार करतोय याचा पत्ताच नाही. हातातला रूळ नीट बसला पाहिजे, एवढंच.

एक तक्रार आहे. संग्रहालयातली हिऱ्याची चोरी उत्कंठा छान वाढवते, पण तिथे वॉलेस पेंग्विन दुरून चालवत असलेल्या यांत्रिक विजारीत (नावातली 'ट्राउझर्स' तीच) गाढ झोपलेला असतो आणि ग्रोमिटशी त्याची जुगलबंदी तुटते. तेवढा भाग मला लांबल्यासारखा वाटतो. वॉलेसच्या तोंडचे काही विनोदही इंग्रजी लकबीवर बेतलेले आहेत. पीटर सॅलिसच्या आवाजामुळे ते गोड लागतात, पण सगळ्यांपर्यंत पोचतीलच असं नाही.

याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेटेड लघुपटाचं ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्यच. व्यक्तिरेखा रेखाटणाऱ्यांनी तर जरूर पाहावा, कागद-पेन्सिल घेऊन, ग्रोमिटच्या भुवईपाशी थांबत थांबत. लहान मुलांबरोबर पाहणार असाल तर पेंग्विनच्या प्रसंगांना शेजारी बसा, तो खरोखर भीतिदायक आहे. उपशीर्षकं नसली तरी अडणार नाही. तीन मुख्य पात्रांपैकी दोघं एक शब्दही बोलत नाहीत.