एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, आरटीएक्स ३०६० की ४०६०?
कागदावर बघितलं तर ३०६० च भारी वाटतं, १२ जीबी व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी), १९२ बिटची बस (मेमरीकडे डेटा ये-जा करायचा रस्ता), ३५८४ कुडा कोअर (हिशोब करणारे छोटे भाग), आणि ४०६० मध्ये काय तर ८ जीबी, १२८ बिट अन् कोअर पण ३०७२च, म्हणजे २०२३ ला पुढचं मॉडेल काढलं आणि मेमरी कमी केली, कमालच आहे राव! पण १०८०पी वर गेम लावला की ४०६० च पुढे पळतं, क्लॉक (चिपचा वेग) जास्त, एल२ कॅश (चिपमधलीच झटपट मेमरी) २४ एमबी, वर फ्रेम जनरेशन, म्हणजे मधल्या फ्रेम एआयने बनवणं. वीज पण ११५ वॅटच, ३०६० ला १७० लागते. ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) नाहीतर घरी एआय मॉडेल चालवायचं असेल तर मात्र १२ जीबीवालंच घ्या, व्हीरॅम भरली की ४०६० अडखळतंच. फक्त बॉक्स नीट वाचा, ३०६० चं ८ जीबीवालं पण निघालंय, ते स्लो आहे.