अन्नपूर्णा बेस कॅम्पचा लॉज-ट्रेक: आधी मुक्कामांचा तक्ता वाचावा

नेपाळमधल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक आम्ही नाशिकमधल्या एका आयोजकामार्फत केला. मार्ग उत्तम आहे आणि आयोजकाची सेवा मध्यम आहे. ही दोन मते वेगळी ठेवणे भाग आहे, कारण घरी परतल्यावर माणूस बर्फाच्या डोंगरांचे फोटो दाखवत सुटतो आणि त्याच भरात आयोजकालाही पाचपैकी पाच तारे देऊन टाकतो. सह्याद्रीत फिरण्याची चांगली सवय आहे, पण लॉज ते लॉज चालत जाण्याची बहुदिवसीय सहल प्रथमच निवडायची आहे, अशा नाशिककरांना उपयोगी पडावे म्हणून हे परीक्षण थोडे सविस्तर लिहीत आहे.

रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाताना आपण शिधा, पातेली, अंथरूण-पांघरूण सगळे पाठीवर घेतो आणि रात्र गुहेत, देवळात किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर काढतो. लॉजच्या ट्रेकमध्ये यांपैकी जवळजवळ काहीच न्यावे लागत नाही. संध्याकाळी पलंग, रजई आणि गरम जेवण मिळणार हे गृहीत धरूनच सकाळी सॅक भरायची असते. त्यामुळे आयोजकाला आपण जे पैसे देतो, ते मुख्यतः रात्रींचे असतात: कोणत्या ठिकाणी, किती उंचीवर आणि कशा खोलीत झोपायचे, याचे. तरीही बहुतेक पत्रकांत शिखरांची वर्णने ठळक अक्षरांत असतात आणि मुक्कामांचा तक्ता शेवटच्या पानावर बारीक टायपात. वाचायला सुरुवात तिथूनच करावी.

या मार्गावरची उदाहरणे घेऊन सांगतो. छोमरोंग हे शेवटचे मोठे गाव सुमारे 2170 मीटरवर आहे. त्यानंतर मोदी खोला या नदीच्या घळीत सिनुवा, बांबू, दोभान, हिमालय अशी लॉजची ठिकाणे लागतात. देउराली सुमारे 3230 मीटरवर, माछापुच्छ्रे बेस कॅम्प, म्हणजे सगळे ज्याला एमबीसी म्हणतात ते, 3700 मीटरवर आणि अन्नपूर्णा बेस कॅम्प 4130 मीटरवर. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीपासून पुढच्या रात्रीपर्यंत झोपण्याची उंची साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य दंडक आहे. देउरालीहून एमबीसीला मुक्काम केला तर वाढ 470 मीटरची होते आणि ती या दंडकात बसते. देउरालीहून थेट बेस कॅम्पला मुक्कामी गेले तर तीच वाढ 900 मीटरची होते. अंतर फारसे नाही, पायांना ते जमतेही, आणि म्हणूनच बाजारातल्या बऱ्याच कार्यक्रमांत एमबीसीचा मुक्काम गाळलेला असतो. एक रात्र वाचली की दर कमी दाखवता येतो.

आता तर जीप छोमरोंगच्या खालच्या झिनू गावाच्या लांबलचक झुलत्या पुलाजवळपर्यंत पोहोचते. पूर्वी नयापूल किंवा घांद्रुकहून चालत येण्यात जे दिवस जात, त्यांत शरीर हळूहळू उंचीला सरावत असे. रस्ता झाल्यामुळे ते दिवस कापले गेले आणि पोखऱ्याच्या सरोवराकाठी, जेमतेम 820 मीटरवर, सकाळचा चहा घेतलेला माणूस त्याच संध्याकाळी छोमरोंगला झोपू लागला. रस्त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, गावकऱ्यांना तो हवाच होता. पण कमी दिवसांचा कार्यक्रम जो आयोजक 'सोयीचा' म्हणून विकतो, त्याला वरच्या भागात तरी एक रात्र वाढवायला सांगावे.

आमच्या आयोजकाच्या तक्त्यातही देउराली ते बेस कॅम्प असेच लिहिले होते. पैसे भरण्यापूर्वी आम्ही ते बदलून मागितले, तेव्हा तोंडी होकार मिळाला. प्रत्यक्षात देउरालीच्या जेवणघरात रात्री दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सांगताना त्याच्या सहायकाने पुन्हा थेट बेस कॅम्पचेच नाव घेतले. लांबट टेबलाभोवती सगळे दाटीवाटीने बसलेले, कडेच्या दोरीवर ओले मोजे टांगलेले, आणि गटातल्या एका वहिनी समोरच्या लसूण-सूपचे घोट घेत डोके धरून बसलेल्या, असे तिथले एकूण चित्र होते. स्थानिक नेपाळी गाइडने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले, रात्रीचे जेवण गेले का, डोके चालताना दुखते की बसल्यावरही, असे दोन-तीन प्रश्न विचारले आणि सहायकाला बाजूला घेऊन सांगितले की उद्याचा मुक्काम एमबीसीलाच. वहिनींना तो एवढेच म्हणाला, "बिस्तारै जाऊँ, दिदी," म्हणजे हळूहळू जाऊ, ताई. दुसऱ्या दिवशी दुपारीच एमबीसीला पोहोचून सगळ्यांनी विश्रांती घेतली, वहिनींचे डोके उतरले, आणि त्यापुढच्या पहाटे बेस कॅम्पला जाऊन येणे कुणालाच जड गेले नाही. या ट्रेकमध्ये ज्याला पूर्ण गुण द्यावेत असा कुणी असेल तर तो हा गाइड. आयोजकाचे गुण इथेच कापतो.

लॉजविषयी बोलायचे तर अपेक्षा माफक ठेवून जावे आणि मग बहुधा सुखद धक्का बसतो. खोल्या लहान, भिंती फळ्यांच्या. शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी कळते. गादी आणि रजई मिळते, पण रजई किती जणांच्या अंगावरून आली आहे याचा हिशेब कुणी ठेवत नाही, म्हणून आतून वापरायचे पातळ अस्तर सोबत असावे. खोलीचे भाडे कमी असते आणि त्या बदल्यात जेवण त्याच लॉजमध्ये घ्यावे, असा अलिखित करार असतो. साहुनीने, म्हणजे लॉजच्या मालकिणीने, कष्टाने चालवलेल्या स्वयंपाकघरावरच तिचा संसार चालतो, त्यामुळे स्वस्त खोली घेऊन घरून आणलेल्या ठेपल्यांवर रात्र काढणे शोभत नाही. नाशिकचा चिवडा दुपारच्या वाटेवर खुशाल खावा.

जेवणात डाळभात हा सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे, कारण भात, डाळ आणि भाजी पुन्हा वाढतात आणि चुलीवर ते कायम ताजे असते. छोमरोंगच्या पुढे मांस न नेण्याची प्रथा आहे. दरी पवित्र मानली जाते. शाकाहारी मंडळींना त्यामुळे तिथे जितके निर्धास्त जेवता येते, तितके अनेक थंड हवेच्या ठिकाणी येत नाही. वर जाऊ तसे दर चढत जातात आणि बेस कॅम्पला साधा चहाही महाग वाटतो, परंतु तांदळाचा प्रत्येक दाणा आणि गॅसचे प्रत्येक नळकांडे कुणाच्या तरी पाठीवरून वर आलेले असते, हे वाटेत भार वाहणारी माणसे बघितल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. गरम पाण्याची अंघोळ, मोबाइल चार्ज करणे आणि वाय-फाय यांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे पडतात. आमच्या आयोजकाने 'सर्व समाविष्ट' असे लिहून दिले होते आणि या तिन्ही गोष्टी त्यात नव्हत्या. रक्कम मोठी नव्हती, पण दर संध्याकाळी पाकीट काढताना ते शब्द आठवत. अन्नपूर्णा परिसरात जाण्याच्या परवान्याचे शुल्कही अंदाजपत्रकात इतर परदेशी पर्यटकांच्या दराने, म्हणजे 3000 नेपाळी रुपये, धरले होते. भारतासह सार्क देशांच्या नागरिकांसाठी ते 1000 आहे, हे दाखवून दिल्यावर आकडा निमूटपणे बदलला गेला.

वाटेचे कौतुक थोडक्यात करतो, कारण ते इतरत्र भरपूर वाचायला मिळते. बांबू आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या दमट जंगलातून चालताना दोन-तीन दिवस शिखरे फारशी दिसत नाहीत, आणि मग एमबीसीच्या पुढे दरी एकदम उघडते व 8091 मीटरच्या अन्नपूर्णेची दक्षिण भिंत, पाठीमागे 6993 मीटरचे माछापुच्छ्रे, असा पूर्ण वेढा पडतो. छोमरोंगच्या पायऱ्या मात्र कुणीही विसरत नाही. जाताना त्या उतरून नदी ओलांडायची आणि परतीच्या वाटेवर, थकलेल्या पायांनी, त्याच चढायच्या. पांडवलेणीच्या पायऱ्या रोज दोन-तीनदा चढ-उतार करणाऱ्याचे गुडघे तिथे उपकार मानतील.

हा मार्ग निवडण्याचे खरे कारण मला सांगायचे झाले तर ते दोन लॉजमधले अंतर हे आहे. बहुतेक टप्प्यांवर एक-दोन तासांत पुढचे छप्पर येते, म्हणून पाऊस आला, कुणाला बरे वाटेनासे झाले, तर दिवस तिथेच संपवता येतो. संदकफू-फालुट या आपल्याच देशातल्या मार्गाशी तुलना केली की याचे मोल कळते. दार्जिलिंगजवळच्या मानेभंजनहून निघून तुमलिंग, काळीपोखरी आणि मग 3636 मीटरचे संदकफू, इथपर्यंत झोपण्याची उंची अगदी बेताने वाढते, आणि त्या दृष्टीने पहिल्या हिमालयीन ट्रेकसाठी तो अधिक सौम्य आहे. कांचनजंगा, एव्हरेस्ट, ल्होत्से आणि मकालू एकाच सकाळी दिसण्याचे भाग्यही तिथे लाभते. परंतु संदकफूपर्यंत गाडीरस्ता असल्याने आपण घाम गाळून वर पोहोचावे आणि शेजारी जीपमधून कुटुंब उतरावे, असे होते. पुढे फालुटपर्यंतचे 21 किलोमीटर उघड्या वाऱ्याच्या धारेवरून जातात आणि त्यात मुक्कामाची सोय फार तुरळक आहे, म्हणून तो दिवस पूर्ण केल्यावाचून गत्यंतर नसते. गटात कच्चे गडी असतील तर फालुट सोडून संदकफूहून गुरदुममार्गे श्रीखोलाला उतरावे. हा मार्ग ज्यातून जातो ते सिंगालीला राष्ट्रीय उद्यान पावसाळ्यात बंद असते, हेही तारखा ठरवताना ध्यानात घ्यावे.

ज्यांची जमापुंजी परवानगी देते, ते थेट आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वताच्या प्रदक्षिणेचा विचार करतात. सुमारे 170 किलोमीटर, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड असे तीन देश, आणि सगळे चढ जोडले तर जवळपास 10,000 मीटर. म्हणजे दहा-अकरा दिवस जवळजवळ रोज बारी गावातून कळसूबाई गाठण्याएवढा चढ आणि तेवढाच उतार. उंचीचा त्रास तिथे सहसा होत नाही, कारण सर्वांत उंच खिंडीही 2700 मीटरच्या आत आहेत, पण गुडघ्यांची परीक्षा अन्नपूर्णेपेक्षा कडक आहे. अडचण आरक्षणाची आहे. हंगाम मध्य जून ते मध्य सप्टेंबर एवढाच, सामुदायिक खोल्यांमधल्या जागा कित्येक महिने आधी भरतात, आणि शेंगेन व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा व किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. एकदा असा कार्यक्रम दगडावर कोरला गेला की वादळ असो वा ताप, त्या रात्री त्याच निवासात पोहोचणे भाग पडते. संध्याकाळी सर्वांना एकाच वेळी ठरलेले जेवण वाढले जाते, म्हणून आपण काय खात नाही ते आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट लिहून कळवावे. व्यवस्था अतिशय नीटनेटकी, पण माझ्यासारख्या, वाटेत बरे वाटेल तिथे थांबणाऱ्या माणसाला ती आवळून धरते.

नाशिकहून अन्नपूर्णेला जायचे तर नाशिकरोडहून गोरखपूरची गाडी, तिथून सोनौलीची सीमा आणि पुढे पोखऱ्यापर्यंत बस, असा मार्ग खिशाला परवडतो. मात्र सीमेपलीकडचा घाट रात्रीच्या बसने करू नये. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. विमा काढताना त्यात चार हजार मीटरच्या वरची बचावसेवा, विशेषतः हेलिकॉप्टर, स्पष्ट शब्दांत नमूद आहे का, हे पाहावे. आमच्या आयोजकाने दिलेल्या विम्यात उंचीचा उल्लेखच नव्हता. आम्ही स्वतंत्र विमा घेतला.

आता हंगाम. हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात हिउंचुली शिखराच्या उतारांवरून देउरालीच्या आसपास हिमकडे कोसळतात. जानेवारी 2020 मध्ये तिथे दक्षिण कोरियाचे ट्रेकर आणि त्यांच्यासोबतचे नेपाळी कर्मचारी मृत्युमुखी पडले. ताजा बर्फ पडला असेल तर तो टप्पा भल्या पहाटे ओलांडावा किंवा सरळ थांबावे, आणि 'आपले तिकीट ठरले आहे' असे म्हणणाऱ्या आयोजकाचे ऐकू नये. ऑक्टोबर सर्वांत लोकप्रिय आहे, पण निर्धोक नाही: 2014 साली विशाखापट्टणमवर आदळलेल्या हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष दोन दिवसांत अन्नपूर्णेच्या उत्तरेला थोरोंग खिंडीपर्यंत पोहोचले आणि हिमवादळात चाळीसहून अधिक माणसे दगावली. बंगालच्या उपसागरात वादळ घोंगावत असेल तर त्या आठवड्यात नेपाळच्या हवामानाकडेही लक्ष ठेवावे. शिवाय आपल्या नवरात्रात तिकडे दशैंचा सण असतो, अनेक भारवाहक घरी गेलेले असतात, आणि दिवाळीच्या सुट्यांत तर वरच्या लॉजमध्ये उशिरा पोहोचणाऱ्यांना जेवणघरातल्या बाकांवर झोपावे लागते. ज्यांना शाळेच्या सुटीचे बंधन नाही, त्यांनी तुळशीचे लग्न आटोपून नोव्हेंबरच्या उत्तरार्धात निघावे. थंडी जास्त असते, परंतु आकाश स्वच्छ आणि खोली रिकामी मिळते, आणि एमबीसीला एक जादा रात्र थांबायचे म्हटले तर साहुनी नाही म्हणत नाही.