प्लास्टिकच्या डब्यांऐवजी स्टील आणि काच: वर्ष होत आलं, आता सांगते

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. ऑफिसच्या डब्याला स्टील, मायक्रोवेव्हला काच, आणि रवा-डाळ-तांदळाचे प्लास्टिकचे डबे आहेत तिथेच राहू द्या. घरातलं सगळं प्लास्टिक एका रविवारी भंगारवाल्याला देऊन मोकळं व्हायची काही गरज नाही. गरम, तेलकट आणि आंबट जिथे प्लास्टिकला लागतं, तिथून प्लास्टिक हलवायचं. आमच्याकडे तेवढंच केलं, आणि गेल्या पावसाळ्यापासून ते टिकलंय.

गरम, तेलकट, आंबट या तीन गोष्टींनाच का धरलं? प्लास्टिक लवचीक राहावं, रंग टिकावा, उन्हाने तडकू नये म्हणून त्यात बरीच रसायनं मिसळतात. ती सगळीच पक्की बांधलेली नसतात. उष्णतेने ती लवकर सुटतात, आणि त्यातली कितीतरी पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात. उसळीचा डबा कितीही घासला तरी पिवळा राहतो, ते हळदीचा रंग तेलाबरोबर प्लास्टिकच्या आत मुरल्यामुळे. घासणीने निघत नाही, कारण तो वर नाहीच. आमच्या जुन्या डब्याच्या तळाशी बोट फिरवलं की चरे लागायचे आणि साबणानंतरही एक बुळबुळीत थर राहायचा. तो डबा मी लेकीच्या खडूंसाठी देऊन टाकला.

बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, हे नाव बहुतेकांनी ऐकलंय. पॉलिकार्बोनेट हे कडक, काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक त्यापासून बनतं, आणि पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या इपॉक्सी लेपातही ते असतं. शरीरात ते इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखं वागू शकतं. १९९८ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे चुकून भलत्याच तीव्र डिटर्जंटने धुतले गेले. प्लास्टिक खराब झालं, बीपीए सुटलं आणि माद्यांच्या बीजांडांत गुणसूत्रांचे दोष एकदम वाढले. शोध कशाचा चालला होता आणि सापडलं काय! हे वाचल्यापासून चरे पडलेलं प्लास्टिक मी जेवणासाठी ठेवत नाही.

तज्ज्ञांचं यावर एकमत आहे असं मात्र मी म्हणणार नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी कमी. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला ते पटलं नाही, तिने २०० नॅनोग्रॅम सांगितलं. तरी युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांना लागणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदीचा नियम केलाच. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटल्यांच्या मानकात बीपीए चालत नाही. बाकीच्या प्लास्टिकसाठी २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत पदार्थाच्या किलोमागे एकूण ६० मिलिग्रॅमपर्यंत अंश उतरण्याची मर्यादा आहे. ती सगळ्या रसायनांची मिळून आहे, त्यामुळे नेमकं काय उतरलं ते त्या आकड्यातून कळत नाही.

‘बीपीए फ्री’ या स्टिकरसाठी जास्त पैसे मोजू नका, हे माझं स्पष्ट मत. बीपीए काढून पुष्कळदा त्याच घराण्यातलं बीपीएस वापरलं गेलं, आणि तेही संप्रेरकांत ढवळाढवळ करतं असं अभ्यासांत दिसलंय. डब्याखालच्या त्रिकोणात ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्यात बीपीए मुळातच नसतं, मग स्टिकर कशाचा? आणि पाच नंबर म्हणजे गरमागरम वरण ओतायला परवाना, असंही नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये याच प्लास्टिकच्या दुधाच्या बाटल्यांत ७० अंशांचं पाणी घालून हलवलं, तेव्हा लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लास्टिकचे सूक्ष्म कण मिळाले. ते पोटात जाऊन काय करतात यावर अजून काम चालू आहे. तोवर लेकीला गरम दूध मी स्टीलच्या पेल्यातच देणार.

आता वस्तूंकडे येते.

स्टीलचा डबा मुंबईत मशीद बंदरला उतरून तांबाकाट्याच्या भांडीबाजारातून घेतला, साधारण ७०० रुपयांना. दुकानदार लोहचुंबक लावून म्हणाला, “बघा ताई, चिकटत नाही, म्हणजे असली माल.” चुंबकाने ३०४ आणि २०२ या स्टीलच्या दोन प्रतींमधला फरक कळत नाही, साधारणपणे दोन्ही चिकटत नाहीत. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, ते स्वस्त पडतं आणि गंज लवकर धरतं. म्हणून डब्यावर ठसा पाहिला आणि बिलावर ३०४ लिहून घेतलं. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. कोकमाची आमटी, टोमॅटोचं सार, लिंबू पिळलेले पोहे, सगळं या डब्यातून नेलं. डाग नाही, वास नाही, चवीत फरक नाही.

त्रास एकच, झाकणातली सिलिकॉनची रिंग. वरून डबा चकचकीत दिसतो, पण रिंग उचकटून काढली की खाचेत काळी रेघ दिसते, पावसाळ्यात तर हमखास. मी केसांच्या पिनेने रिंग काढते, गरम पाण्यात भिजवते, जुन्या टूथब्रशने खाच घासते आणि रात्रभर कोरडी होऊ देते. हे आठवड्यातून एकदा तरी होत नसेल तर बिनरिंगचा कडीचा डबाच घ्या. कडीचा डबा आडवा झाला की आमटी सांडणार, म्हणून पातळ पदार्थाला फिरकीच्या झाकणाची वेगळी डबी हवी.

काचेच्या डब्यांचं सांगायचं तर घरात उत्तम, प्रवासात नको. कांजूरमार्गहून सकाळच्या स्लो लोकलमध्ये चढताना पाठीवरची बॅग पुढे घ्यावी लागते, आणि रिकामा डबाच अर्ध्या किलोच्या वर असेल तर खांदा बोलायला लागतो. एकाचा कोपरा रॅकवर आपटून टवका उडाला. तेव्हापासून बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचा एक डबा ऑफिसच्या खणातच ठेवलाय. स्टीलमधून नेते, काचेत ओतते, गरम करते. त्याचं झाकण प्लास्टिकचंच असतं, म्हणून गरम करताना झाकणाऐवजी वर चिनीमातीची बशी.

पाण्याच्या स्टीलच्या बाटलीबद्दल तक्रार नाही. विकतच्या पाण्याची बाटली पुन्हापुन्हा भरणं मात्र घरात सगळ्यांचंच बंद केलं. ती ‘पेट’ (PET) नावाच्या प्लास्टिकची असते, ते बनवताना अँटिमनी या धातूसारख्या मूलद्रव्याचं संयुग वापरतात, आणि बाटली तापली की अँटिमनी पाण्यात जास्त उतरतं. एप्रिल-मेमध्ये भर उन्हात उभ्या टेम्पोत पाण्याचे खोके रचलेले आपण रोज बघतो. ऑफिसातला वीस लिटरचा जारही पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचा असतो, त्रिकोणात ७. मी घरून भरून नेते.

सगळ्यात अवघड गेलं ते पार्सल. आमच्या नाक्यावरच्या हॉटेलात स्वतःचे डबे घेऊन गेले, तर पोऱ्याने डाळ आधी मापासाठी काळ्या डब्यात ओतली, मग माझ्या डब्यात, आणि काळा डबा कचऱ्यात. वाफ येत होती त्या डाळीला. मालकांशी दोन-तीनदा नीट बोलले, आता ते पळीचं माप धरतात. सासूबाई म्हणाल्या, “आपलं लोणचं बरणीत ठेवतेस आणि विकतची भाजी पिशवीतून आणतेस, मग उपयोग काय गं?” बरोबर होतं त्यांचं. कटिंग चहाची पातळ पिशवीही त्यांनीच थर्मास पुढे करून बंद केली.

काळ्या प्लास्टिकबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. २०२४ मध्ये काळ्या प्लास्टिकच्या उलथण्यांत इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातली आगरोधक रसायनं सापडल्याचा अभ्यास खूप फिरला. त्यात गणिताची चूक होती, सुरक्षित मर्यादा दहापट कमी धरली गेली होती, आणि नंतर ती दुरुस्त झाली. रसायनं सापडली हे खरंच आहे, पण व्हॉट्सॲपवर अजून जुनाच आकडा फिरतोय. तो पुढे पाठवू नका.

अजून राहिलंय ते मिक्सरचं. चटणीचं भांडं स्टीलचं आहे, पण मोठं पारदर्शक भांडं पॉलिकार्बोनेटचं. त्यात गरम टोमॅटो फिरवणं थांबवलंय, आधी परातीत पसरून गार करते. त्याच मापाचं स्टीलचं भांडं वेगळं मिळतं का, आणि दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर ते नीट बसतं का, हे कुणी वापरून पाहिलं असेल तर जरूर लिहा.